डब्यातली गोरखचिंच आणि सासूबाईंची गोळी

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: आम्ही नाशिकला राहतो. सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. बारा वर्षांपासून मधुमेह आहे, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन चालू आहे. गेल्या वर्षी क्रिएटिनिन १.५ आलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, किडनीवर थोडा परिणाम झालाय, सांभाळून राहा. धाकटे दीर नोकरीसाठी दार-एस-सलामला असतात. दिवाळीत त्यांनी बाओबाबच्या, म्हणजे आपल्याकडच्या गोरखचिंचेच्या, फळाची दोन किलो भुकटी आणली. इथले लोक पिढ्यान्‌पिढ्या हे औषध म्हणून खातात, साखर उतरते, किडनी साफ होते, असं त्यांनी सांगितलं. सासूबाई दिवसातून तीनदा दोन-दोन मोठे चमचे घेतात. आता कळलं की दोन महिन्यांपासून त्यांनी मधुमेहाची, मेटफॉर्मिनची, रात्रीची गोळी बंद केली आहे. त्यात एक नातेवाईक म्हणतात, वसईहून गोरखचिंचेची साल आणून देतो, तिचा काढा द्या. मी काही बोलले की ऐकावं लागतं, 'तुझा आपल्या जुन्या औषधांवर विश्वासच नाही.' नवरा म्हणतो, फळच तर आहे, काय होणार? डबा फेकून द्यावा असं वाटतं, आणि इतक्या लोकांचं इतक्या वर्षांचं ज्ञान खोटं कसं असेल, असंही वाटतं. काय करू?

उत्तर:

ताई, बाओबाबचं पुढे बोलूच, पण आधी त्या बंद झालेल्या गोळीचं मार्गी लावू. ते थांबण्यासारखं नाही.

याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा आणि दोन्ही गोष्टी एका दमात सांगा: रात्रीची गोळी दोन महिने बंद आहे, आणि रोज सहा चमचे भुकटी चालू आहे. घरच्या घरी गोळी पुन्हा सुरू करू नका, राहिलेली भरून काढायला जास्त तर मुळीच देऊ नका. मेटफॉर्मिन किती द्यायची हे किडनीच्या कामावर ठरतं. सासूबाईंचं वय आणि क्रिएटिनिन पाहता कदाचित डॉक्टर स्वतःच मात्रा बदलतील. म्हणजे 'माझ्या गोळ्या जरा जास्तच आहेत' हे सासूबाईंना वाटणं अगदीच अनाठायी नसेल. फक्त तो निर्णय त्यांनी एकटीने, कुणाला न सांगता घेतला. रक्त तपासायला द्याल तेव्हा साखर आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी यांच्या जोडीला क्रिएटिनिन आणि पोटॅशियमही सांगा. पोटॅशियमची तपासणी मागायला विसरू नका. रिपोर्ट येईपर्यंत डबा बंद ठेवा. फेकायचा नाही, नुसता बंद.

पोटॅशियमवर एवढा भर का, ते सांगते. बाओबाबच्या वाळलेल्या गरात पोटॅशियम भरपूर असतं, १०० ग्रॅममध्ये एक ते दोन ग्रॅमच्या घरात. सहा मोठे चमचे म्हणजे पन्नास-साठ ग्रॅम भुकटी झाली. एवढ्यातून दीड ते तीन केळ्यांइतकं पोटॅशियम रोज पोटात जातं. धडधाकट माणसाची किडनी ते सहज बाहेर टाकते. सासूबाईंची किडनी आधीच थकलेली आहे, आणि टेल्मिसार्टन ही गोळीदेखील शरीरात पोटॅशियम धरून ठेवते. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, आणि फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. बहुतेक वेळा आधी काही जाणवतही नाही, म्हणून रक्तच तपासावं लागतं. तुमच्या यजमानांच्या 'फळच तर आहे' याला उत्तर हेच आहे. किडनीच्या रुग्णाला आपण शहाळं आणि केळंही जपून देतो. तीही फळंच आहेत.

आता तुम्हाला छळणाऱ्या प्रश्नाकडे येते: इतक्या लोकांचं इतक्या वर्षांचं ज्ञान खोटं कसं असेल?

ते खोटं नाही. पण ते लोक या फळाबद्दल नेमकं काय सांगत आले आहेत, हे तुमच्या घरात अजून कुणी विचारलेलंच दिसत नाही. दिरांनी एक वाक्य आणलं, ते वाक्य डब्याला चिकटलं, आणि आता डबा नाकारला की आफ्रिकेची परंपरा नाकारली असं होऊन बसलंय. तेव्हा ती परंपरा जरा जवळून पाहू.

टांझानियापासूनच सुरुवात करू, कारण डबा तिथून आलाय. तिथे झाडाला म्बुयू म्हणतात आणि फळाच्या गराला उबुयू. एयासी सरोवराच्या आसपास राहणाऱ्या हाद्झा लोकांपैकी काहीजण आजही बरंचसं अन्न रानातून मिळवतात. त्यांच्या खाण्यात मध, कंद, बोरांसारखी रानफळं आणि शिकार यांच्या बरोबरीने बाओबाब असतो. बायका फळ फोडतात, गर आणि बिया दगडावर कुटतात, पाणी घालून कालवतात आणि मुलाबाळांना खाऊ घालतात. त्यांच्या दृष्टीने ते जेवण आहे. दार-एस-सलामच्या रस्त्यावर त्याच गराचं गार सरबत मिळतं. झांझिबारकडे बियांसकट गर साखरेच्या पाकात घोळवून, लाल रंग आणि वेलची घालून त्याच्या गोळ्या करतात, त्या पोरं दिवसभर चघळतात. (दिरांनी त्या लाल गोळ्याही आणल्या असतील तर त्या सासूबाईंच्या हाती लागू देऊ नका. नाव उबुयूच असलं तरी ती मिठाई आहे.)

पश्चिम आफ्रिकेत गेलात तर फळापेक्षा पानांचा मान मोठा. सेनेगलमध्ये वाळलेल्या पानांची पूड, तिला लालो म्हणतात, ती बाजरीच्या कुसकुसमध्ये, म्हणजे वाफवलेल्या जाडसर रव्यात, घालतात. नायजेरियाच्या उत्तरेला हौसा लोकांच्या घरी त्याच पानांचं दाटसर, बुळबुळीत सूप जवळजवळ रोजचं, त्याला मियान कुका म्हणतात. गराचं सरबत सेनेगलमध्ये बुय, तर सुदानमध्ये त्या फळाला गोंगोलेस म्हणतात. सुदानमधल्या कोर्दोफानात तर लोक या झाडांचे खोड पोखरून आत पावसाचं पाणी साठवत आणि कोरड्या महिन्यांत त्यावर दिवस काढत. एवढं अंगाखांद्यावर बाळगलेलं झाड औषधात येणार नाही असं कसं होईल?

ते औषधात आलंच. पण कशावर, ते पाहा. गर हगवणीवर, आवेवर आणि तापावर. पानं जास्त घाम येण्यावर, दम्यावर, लघवीच्या तक्रारींवर, किडा चावला तर वरून लावायला. साल तापावर, विशेषतः थंडी वाजून येणाऱ्या. बियांचं तेल त्वचेवर. या नोंदी जुन्या आहेत. प्रॉस्पेरो अल्पिनी या इटालियन वैद्याने कैरोच्या बाजारात हे फळ पाहून १५९२ साली त्याची माहिती छापली. मिशेल आदाँसाँ हा तरुण फ्रेंच निसर्गअभ्यासक १७४९ मध्ये सेनेगलला पोचला, पाच वर्षं राहिला आणि स्थानिक लोक तापाच्या दिवसांत हे झाड कसं वापरतात ते पाहून स्वतःही वापरू लागला. झाडाच्या शास्त्रीय नावातलं 'ॲडॅन्सोनिया' त्याच्याच नावावरून आलं. पुढे एकोणिसाव्या शतकात सिंकोनाला, म्हणजे ज्याच्या सालीतून हिवतापावरचं क्विनीन मिळतं त्या झाडाला, पर्याय म्हणून या सालीकडे युरोपातल्या वैद्यांनी आशेने पाहिलं, पण क्विनीनची जागा तिला घेता आली नाही.

या यादीत मधुमेह दिसतो का? जुन्या नोंदींत जवळपास नाहीच. ताप, जुलाब, तहान, उन्हाचा त्रास, भूक: ज्या मुलखात डॉक्टर दूर आणि पाणी कमी, तिथल्या रोजच्या अडचणींवर हाताशी असलेलं झाड. ती परंपरा खरी आहे आणि माझ्या मनात तिच्याविषयी मोठा आदर आहे. 'साखर उतरते, किडनी साफ होते' हे मात्र तिच्यातून आलेलं नाही. ते बहुधा विकणाऱ्यांनी मागाहून जोडलंय. फळ आफ्रिकेचं घेतलं, आजार आपल्याकडच्या गिऱ्हाइकाचा घेतला. म्हणून तुम्ही 'थांबा' म्हणता तेव्हा हाद्झा बायकांना किंवा सेनेगलच्या आज्ज्यांना खोटं पाडत नाही. त्यांनी कधी न केलेला दावा मान्य करायचं तुम्ही नाकारता, एवढंच.

साखरेबद्दल प्रयोग झालेत का? झालेत, आणि तेही मोकळेपणाने सांगायला हवेत, कारण दीर उद्या तेच पुढे करतील. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड ब्रुक्स विद्यापीठात २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बाओबाबचा अर्क पांढऱ्या पावात घालून भाजला, तेव्हा पावातला स्टार्च पचायला जास्त वेळ लागला. पावाबरोबर अर्काचं पेय दिलं तेव्हा जेवणानंतरची साखरही कमी चढली. पण ही माणसं निरोगी होती, संख्येने मोजकी होती, आणि मोजमाप एका खाण्यापुरतं होतं. वर्षानुवर्षं मधुमेह असलेल्या, किडनी कमजोर झालेल्या एकाहत्तर वर्षांच्या बाईने गोळी सोडून भुकटी घ्यावी, असं त्यातून कुठेच निघत नाही. तंतू आणि तुरटपणा असलेल्या पुष्कळ पदार्थांमुळे जेवणानंतरची साखर हळू चढते. शिवाय गरात त्याची स्वतःची साखर असते, ती सहा चमच्यांमागे पोटात जातेच.

'संत्र्याच्या सहापट क जीवनसत्त्व' हेही डब्यावर असेल, बहुतेक डब्यांवर असतं. १०० ग्रॅमला १०० ग्रॅम अशी तुलना केली तर कित्येकदा ते खरंही ठरतं. पण बाओबाबचा गर फळातच वाळतो, आणि संत्र्यात बहुतांश पाणी असतं. खाताना आपण संत्रं अख्खं खातो आणि भुकटी चमचाभर. भुकटीतलं क जीवनसत्त्व झाडागणिक, साठवणीगणिक बदलतं, १०० ग्रॅमला १५० ते ५०० मिलिग्रॅम. चमचाभर, म्हणजे दहा ग्रॅम, घेतली तर १५ ते ५० मिलिग्रॅम. एका मध्यम संत्र्यातून साठ-सत्तर मिळतं, आणि पेरू-आवळा त्याच्याही पुढे. ज्यांच्या भागात उन्हाळ्याचे महिनोन्‌महिने दुसरं ताजं फळच नसतं, त्यांना बाओबाबचा हा वाळलेला, टिकणारा गर फार मोलाचा आहे. नाशिकच्या मंडईत बारा महिने काही ना काही ताजं असतं. तिथे त्या आकड्यासाठी हजारो रुपयांची भुकटी घ्यावी असं मला वाटत नाही.

आता सालीच्या काढ्याबद्दल. इथे मी डॉक्टरांच्या हो-नाहीसाठीही थांबणार नाही: साल आणू नका.

कारणं दोन. पहिलं सासूबाईंचं. आफ्रिकेतल्या जुन्या नोंदींत 'मूत्रपिंडाचे विकार' असं लिहिलेलं सापडतं खरं, आणि तेच शब्द फिरत फिरत तुमच्या नातेवाइकांपर्यंत आले असावेत. पण त्या काळी मूत्रपिंडाचा विकार ओळखायचा म्हणजे लघवीला जळजळ, अडखळणं, कंबरदुखी, अंगावर सूज एवढ्यावरून. क्रिएटिनिन रक्तात मोजून कळणारा, काही दुखत-खुपत नसताना वर्षानुवर्षं पुढे सरकणारा मधुमेहामुळे झालेला विकार त्या वैद्यांना दिसणंच शक्य नव्हतं. न दिसलेल्या आजारावर त्यांनी औषध दिलं असं आपण कसं म्हणायचं? बरं, थकलेल्या किडनीवर अनोळखी सालीचा आटवलेला काढा टाकणं म्हणजे तिच्यावर आणखी ओझं. त्यात कोणतं द्रव्य किती उतरलं हे आणणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

दुसरं कारण झाडाचं. आफ्रिकेत बाओबाबची साल दोरासाठी सोलतात आणि झाड ती पुन्हा भरून काढतं, ही त्याची खासियत आहे. पण तिथे माळावर शेकडो झाडं असतात. आपल्याकडे मध्य प्रदेशातलं मांडू सोडलं तर वसईच्या किल्ल्यात, मुंबईत राणीच्या बागेत, कर्नाटकात विजापूरला आणि सावनूरला, अशी विखुरलेल्या ठिकाणी थोडीथोडीच जुनी गोरखचिंच उभी आहे. ही झाडं वेगवेगळ्या वेळी, अरबांच्या, पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर, आफ्रिकेतून इथे आणल्या गेलेल्या माणसांबरोबर भारतात आली असावीत असं २०१५ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा जनुकीय अभ्यास सुचवतो. आफ्रिकेतल्या सर्वांत जुन्या आणि सर्वांत मोठ्या बाओबाबांपैकी कित्येक गेल्या काही दशकांत कोसळले. अशा वेळी तीन-चारशे वर्षांच्या झाडाला कोयता लावायचा, तोही उपयोग न होणाऱ्या काढ्यासाठी! नातेवाइकांना हे माझ्या नावाने सांगितलं तरी चालेल.

आपल्याकडे हे झाड आलं तसं त्याचं घरगुती औषधही इथे रुजलं. हे सासूबाईंना आवर्जून सांगा, कारण त्यांना 'जुनं' हवंय आणि हे खरोखर आपलं जुनं आहे. विल्यम डायमॉक या इंग्रज अधिकाऱ्याने मुंबईत राहून पश्चिम भारतातल्या औषधी वनस्पतींच्या नोंदी केल्या, त्या एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी छापल्या गेल्या. त्यात गोरखचिंचेचा गर ताकातून जुलाब आणि आवेवर देतात असं आहे. कोकणात पित्ताने अन्न पचत नसेल तर गराचं जिरं-साखर घालून केलेलं सरबत देतात, आणि दम्यावर गर अंजिराबरोबर. कोवळी पानं ठेचून दुखऱ्या सुजेवर बांधतात. पुन्हा तेच: पोट, पित्त, सूज. आणि बहुतेक उपाय जिरं, ताक, अंजीर अशा स्वयंपाकघरातल्याच गोष्टींच्या सोबतीने.

ते सरबत कसं करायचं तेही सांगते, कारण पुष्कळ वाचकांकडे मांडूहून किंवा वसईहून आणलेलं फळ पडून असतं आणि त्याचं काय करायचं ते कळत नाही. फळाच्या बाहेर मखमलीसारखी हिरवट-करडी लव असते, तिने हाताला खाज येऊ शकते, म्हणून फडक्याने पुसून घ्या. कवच टणक असतं, पाट्यावर आपटूनच फुटतं. आत पांढरट, ठिसूळ गराचे तुकडे निघतात, प्रत्येकात काळपट बी, आणि सगळ्यांना गुंफणारे लालसर धागे. चांगला गर खडूसारखा कोरडा असतो आणि जिभेवर ठेवला की विरघळून आंबट लागतो. काळा पडलेला, ओलसर, कुबट वासाचा किंवा किडका असेल तर सगळं फळ टाकून द्या. कवचाला चीर गेली की आत दमटपणा शिरतो आणि बुरशी धरते. चांगले तुकडे कोमट पाण्यात तासभर भिजवा, हाताने कोळा, बिया आणि धागे गाळून काढा. उकळू नका, उकळलं की क जीवनसत्त्व कमी होतं. सेनेगलमध्येही बुय सहसा न उकळताच करतात. वर भाजलेल्या जिऱ्याची पूड, चवीपुरता गूळ, चिमूटभर सैंधव. बिया कच्च्या दळून खाऊ नका. पुष्कळ ठिकाणी त्या खाण्याआधी भाजतात किंवा आंबवतात, आणि त्याला कारणं आहेत.

औषधाच्या दुकानातून काही आणणार असाल तर एवढं बघा, की गोरखचिंच, गोरखमुंडी आणि विलायती चिंच या तीन वेगळ्या वनस्पती आहेत. नावाच्या गोंधळात भलतीच पुडी घरी येते.

पत्रं इतरांचीही येतात म्हणून आणखी दोन गोष्टी इथेच लिहिते. लहान मुलाला जुलाब होत असतील तर गोरखचिंचेचं ताक किंवा सरबत हा पहिला उपाय नाही. ओआरएस आणि डॉक्टरांनी दिलेलं झिंक, हा पहिला. डाकारमध्ये मुलांच्या जुलाबावर बाओबाबचं पाणी आणि जागतिक आरोग्य संघटनेचं द्रावण, म्हणजे ओआरएस, यांची तुलना करणारा अभ्यास १९९७ साली छापला गेला. त्यात बाओबाबने बरी साथ दिली, पण ओआरएस थोडं उजवं ठरलं. आपल्याकडे ओआरएसची पुडी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते, मग मुलावर प्रयोग कशाला? आणि रक्त कमी असलेल्या गरोदर बायका विचारतात, त्यांना सांगते: बाजरीची भाकरी, मेथी, डाळ यांच्याबरोबर काहीही आंबट, क जीवनसत्त्व असलेलं खाल्लं तर त्यांतलं लोह जास्त लागू पडतं. ते काम गोरखचिंच करेल आणि लिंबूही. लोहाच्या गोळीची जागा मात्र दोन्ही घेणार नाहीत.

आता सगळ्यात अवघड, घरातलं बोलणं.

'तुझा विश्वास नाही' या वाक्याला उत्तर द्यायला जाऊ नका. त्यात तुम्ही अडकाल आणि सासूबाई आणखी हट्टाला पेटतील. त्यांना आधी विचारा, रात्रीची गोळी का सोडली? खरंच विचारा, वकिलासारखं नाही. मेटफॉर्मिनने कित्येकांचं पोट बिघडतं, तोंडाची चव जाते. जोडीला साखरेची दुसरी गोळी असेल तर काहींना रात्री साखर उतरून घाबरल्यासारखं होतं आणि ते कुणाला सांगत नाहीत. काहींना गोळ्यांच्या त्या पट्ट्यांची संख्या पाहूनच जीव नकोसा होतो. बारा वर्षं रोज गोळ्या घेणाऱ्या बाईला कुणीतरी म्हणालं, 'हे फळ आहे, गोळी नाही', तर तिला सुटल्यासारखं वाटणारच. हे कारण कळलं की ते डॉक्टरांना सांगता येतं, आणि गोळी बदलून, वेळ बदलून, मात्रा कमी करून मार्ग निघतो. दवाखान्यात जाताना त्यांना म्हणा, 'तुम्हीच सांगा डॉक्टरांना, मी फक्त सोबत येते.' चोरी पकडल्यासारखं वाटलं तर पुढच्या वेळी त्या आणखी लपवतील, आणि तुमची खरी अडचण भुकटीपेक्षा लपवण्याची आहे.

यजमानांना मध्ये घ्या. आई त्यांची आहे, आणि पोटॅशियमचा मुद्दा त्यांना एकदा कळला की 'फळच तर आहे' म्हणणं ते स्वतःच सोडतील. दिरांशीही त्यांनीच बोलावं. तक्रार म्हणून नको. आईची आठवण ठेवून दोन किलोचा डबा सामानातून आणणाऱ्या माणसाला आधी 'छान केलंस' म्हणायला हवं. मग सांगायचं की आईच्या किडनीला जास्त पोटॅशियम सोसत नाही, डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही पाठवू नकोस. परदेशातून असं काही पाठवणाऱ्या सगळ्यांनाच माझी विनंती आहे की, घरच्या माणसाला कोणते आजार आहेत आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत, एवढं आधी विचारा. आणि मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तेव्हा तसा दावा करणारा संदेश आला तर तो पुढे पाठवू नका.

डब्याचं काय? रिपोर्टमध्ये पोटॅशियम वाढलेलं असेल तर सासूबाईंसाठी तो विषय संपला. सरबत तुम्ही दोघं प्या, मुलांना द्या. पोटॅशियम ठीक असेल तर डॉक्टरांना डब्याचं लेबल दाखवून विचारा, 'आठवड्यातून एक-दोनदा एक छोटा चमचा ताकातून चालेल का?' हो म्हणाले तर तेवढंच, जेवणाबरोबर आणि गोळ्यांपासून दोन तास लांब, कारण तंतू जास्त असलेल्या भुकटीने काही गोळ्या नीट लागू पडत नाहीत. नाही म्हणाले तर नाही. किती चमचे, कधी, हे डब्यावर चिठ्ठी लावून लिहून ठेवा, म्हणजे रोज वाद नको. महिन्याभराने पोटॅशियम आणि क्रिएटिनिन पुन्हा बघायचं का, हेही त्याच भेटीत विचारून घ्या.